मांडवात माझे पाय, मागच्या खोलीत ती

वरूडजवळच्या आमच्या गावात लग्न लागलं की नवरा-नवरी आधी मारुतीला जातात, मग आईबापांच्या पाया पडतात, आणि मग कोणीतरी त्यांना माझ्यापर्यंत घेऊन येतं. "आबाच्या पाया पड वं पोरी. असा नवरा दिवा घेऊन शोधला तं सापडत नाई," असं एखादी म्हातारी नवरीच्या कानाशी, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते. नवरी वाकते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो. माझे केस काळे होते तेव्हापासून हे चाललं आहे.

कारण एवढंच, की मला मूल झालं नाही आणि तरी मी दुसरी बायको केली नाही. आमच्या तरुणपणी दुसरी करणं कायद्यात बसत होतं आणि रीतीतही. ज्यांच्या घरी पाळणा हलला नाही अशा माझ्या बरोबरीच्या सगळ्यांनी दुसरी आणली. मी आणली नाही, म्हणून मी मोठा माणूस. बायको गेल्यावरही पुन्हा लग्न केलं नाही, म्हणून आणखी मोठा.

खरं काय होतं ते आता लिहून ठेवतो. अकोल्याच्या एका घरात तोंडाने सांगून झालं आहे. गावाला सांगायचं राहिलं आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. म्हणायला निजामाचं, कारभार नागपूरचा. माझ्या बापाने पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काळ्या रानात विहीर खोदून संत्र्याची बाग लावली, तेव्हा लोक त्याला हसले होते. झाडं फळाला आली तसे हसणारेच कलमा मागायला येऊ लागले. मी एकुलता एक. माझं लग्न अकोल्याच्या मुलीशी झालं. मोर्णेच्या काठी तिच्या बापाचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. पहाटे झेंडू-शेवंती तोडून बाजारात न्यायची, अशा घरात ती वाढली होती. हसायला लागली की थांबत नसे. पहिल्याच वर्षी मला म्हणाली होती, "तुमच्या गावचे संत्रे गोड हायेत. मानसंच आंबट निंगाले."

लग्नाच्या आदल्या वर्षी मला गालफुगी झाली होती. दोन्ही गाल सुजले, आईने मातीचा लेप लावला, गाल उतरले. पण गाल उतरता उतरता पुन्हा सणसणून ताप भरला आणि सूज खाली उतरली. जिथे उतरली ती जागा कोणाला दाखवण्यासारखी नव्हती. मी गोठ्यातल्या बाजेवर पाय फाकून पडून राहिलो आणि घरी सांगितलं, मोट उचलताना कमरेत उसण भरली. आई कमरेला शेक देत राहिली. मी देऊ दिला. पुढे सगळं ओसरलं, पण एक बाजू आक्रसून सुपारीएवढी राहिली आणि दुसरीही पहिल्यासारखी भरली नाही. मला वाटलं, असेल. दुखत नव्हतं, अडत नव्हतं. लग्नानंतरही नवरा-बायकोत जे असतं त्यात काही कमी पडलं नाही. म्हणून मी ती गोष्ट विसरलो, किंवा विसरलो असं धरून चाललो.

तीन वर्षं झाली, पाळणा हलेना. मग आमच्या घरात जे सुरू झालं ते संत्र्याच्या घरातच होऊ शकतं.

संत्र्याच्या झाडाला बारमाही पाणी दिलं तर ते नुसती पानं काढतं. फुलं हवी असतील तर त्याला ताण द्यावा लागतो. मार्गशीर्षात मोट सोडून ठेवायची, आळी उघडी टाकायची. झाड तहानतं, पानं चुरमडतात, काही गळतात. पाहणाऱ्याला वाटावं, मेलंच. मग संक्रांतीच्या सुमारास खत घालून पाणी सोडायचं. थोड्याच दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. किती ताण द्यायचा आणि कुठे थांबायचं, हे माझ्या बापाला पान हातात घेऊन कळत असे.

एका संध्याकाळी बाबा अंगणात बसून हेच कोणाला तरी समजावत होते. "झाडाले सुखात ठेवलं का ते फयत नाई, बाप्पा. त्याले जराक कष्टी करा लागते."

आई चुलीशी होती. तिथून हसत म्हणाली, "मंग सुनेलेही द्या ना ताण. तेही पानंच काढून राहिली."

सगळे हसले. बायकोही पदरात तोंड घालून हसली. दुसऱ्यांदा आई तेच म्हणाली तेव्हा ती हसत नव्हती.

त्या मार्गशीर्षात बागेची मोट सुटली आणि त्याच दिवसापासून बायकोचं दूध, तूप, गूळ बंद झाला. एक वेळ ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. निजणं आईजवळ जमिनीवर, माझ्यापासून वेगळं. दिवसभर बागेत काम. गाल बसले, डोळे खोल गेले की आई म्हणायची, "लागला ताण." संक्रांतीनंतर तिला तिळाचे आणि डिंकाचे लाडू, वाटीवाटी तूप, आणि आमची खोली पुन्हा आमची. हे आम्हीच करत होतो असं नाही. बागा असलेल्या आणखी दोन-तीन घरांत सुनांना असा ताण दिलेला मला माहीत आहे. त्यातल्या एकीला पुढे मूल झालं, म्हणून सगळ्यांचा विश्वास पक्का झाला होता.

ती कधी तक्रार करत नसे. एकदाच भाकर मोडता मोडता मला म्हणाली, "झाड बरं हो. त्याले भूक लागली का कोनी इचारत नाई, अन् त्यालेही सांगाचं काम पडत नाई."

पहिला हिवाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या हिवाळ्यात ताण जास्त दिला. आणि संक्रांतीनंतर खोली पुन्हा आमची झाल्यावर फळ आलं असं वाटलं. तिला कावळा शिवेना. एक महिना गेला, दुसरा गेला. आईने बोटं मोजली आणि देवापुढे साखर ठेवली. मळमळतं का, आंबट खावंसं वाटतं का, असं शेजारणी विचारू लागल्या. उपासाने खंगलेल्या पोटाला लाडवानेही मळमळतंच. तिसऱ्या महिन्यात दार लावून चोरचोळी केली. हिरवी चोळी, हिरवा चुडा, पाच फळं ओटीत. बाबांनी बागेतलं सगळ्यात मोठं संत्रं स्वतः निवडून पाठवलं. बायको त्या दिवसांत पोटावर हात ठेवून चालायची. मला एकटा पाहून म्हणाली, "मले तं वाटलं होतं तुमची आई येडी हाय. पन तिचंच खरं झालं."

त्यानंतर ती बांधावर भोवळ येऊन पडली. पोटातल्याला काही होऊ नये म्हणून आम्ही घाबरून तिला सर्व्हिस मोटारीत घालून अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात नेलं. आई, ती आणि मी.

तिथली डॉक्टरीणबाई मद्रासकडची होती. मराठी तुटक, पण स्पष्ट बोलायची. तिने पडद्याआड नेऊन तपासलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली. मग मला आत बोलावलं.

"बाळ नाही," ती म्हणाली. "कधी नव्हतं. हिच्या अंगात रक्त नाही, म्हणून पाळी थांबली. हिला काय खायला देता?"

आई म्हणाली, "ताण देल्ला होता, बाई."

ते तिला कळेना. मी झाडाचं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाड उपाशी राहिलं की घाबरतं. मरायच्या आधी बी टाकून जाऊ, असं त्याला वाटतं. बाईचं शरीर उलटं आहे. ते उपाशी राहिलं की म्हणतं, आधी मी जगते, बाळ नंतर. तुम्ही दार उघडायला गेला, आणि कडी लावून आला."

बायको बाकावर बसली होती. अंगात तीच हिरवी चोळी होती. तिने पोटावरचा हात काढून मांडीवर ठेवला. एवढंच केलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. हिला पोटभर खायला घाला, रक्त भरेल तशी पाळी येईल. आतून तपासलं त्यात वावगं काही नाही. तरी वर्षभरात राहिलं नाही तर पुढचं पाहू, कारण कधी आतल्या नळ्या बंद असतात, कधी पिशवीत गाठ असते. "पण त्याच्या आधी यांची तपासणी," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "मूल दोघांचं असतं, दोषही कोणाचाही असतो. पुरुषाला तपासणं सोपं, बाईला अवघड. सोपं ते आधी करावं."

आई उखडली. "माह्या पोराले काय होते? दिवसभर मोट हाकलते तो."

बाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला विचारलं, "मोठेपणी गालगुंड झालं होतं? त्यात खाली सूज?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, ते अजून नीट सांगता येत नाही. आई शेजारी होती, बायको समोर होती, आणि विचारणारी बाई होती. पण हेही खरं की तो प्रश्न कानावर पडला त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं.

गावात गेल्यावर आईने त्या दवाखान्यातलं एकच वाक्य घरोघर सांगितलं. "डाक्टरनीनंच सांगतलं, सुनेच्या अंगात काई नाई." रक्त नाही, असं बाई म्हणाली होती. त्यातलं रक्त गळालं आणि उरलं ते गावभर झालं. तेव्हापासून माझ्या बायकोला वांझ म्हणू लागले. मी अंगणात बसून ते ऐकत होतो.

ताण तेवढा थांबला. मीच आईशी भांडलो. बायको भरली, पाळी सुरू झाली, वर्ष गेलं, मूल राहिलं नाही. मग सासऱ्यांकडे संत्री पोचवायच्या निमित्ताने मी एकटा अकोल्याला गेलो. अमरावतीत आमच्याकडची माणसं फार भेटतात. अकोल्यात सासरच्यांखेरीज मला कोण ओळखणार? कापूस बाजाराच्या पलीकडे एक वयस्क डॉक्टर होते, पुण्याकडचे, घरी सूक्ष्मदर्शक यंत्र बाळगणारे. त्यांना मी गालफुगीपासून सुपारीपर्यंत सगळं सांगितलं. परक्या गावात परक्या माणसाला सांगायला जीभ अडली नाही.

त्यांनी काचेची लहान बाटली दिली. तपासणी कशी होते ते जाणत्यांना सांगायला नको, नेणत्यांना कळून उपयोग नाही. बाटली थंड पडू द्यायची नाही म्हणून ती काखेत धरून मी त्यांच्या मागच्या अंगणातून पुढच्या खोलीत आलो. ते यंत्राला डोळा लावून बराच वेळ काच सरकवत राहिले. मग म्हणाले, एकदा पाहून सांगणार नाही, पंधरवड्याने पुन्हा या. मी पुन्हा संत्री घेऊन गेलो. पुन्हा तेच.

"या, पाहा," ते म्हणाले. मी डोळा लावला. उजेडाचं एक गोल वर्तुळ दिसलं, त्यात काही नव्हतं.

"इथे शेकड्यांनी जीव वळवळताना दिसायला हवे होते. तुमच्या अंगात जोर नाही असं मी म्हणत नाही हो. जोर वेगळा, बीज वेगळं. लहानपणी गालगुंड होऊन गेलं तर फार बिघडत नाही. वयात आल्यावर झालं आणि खाली उतरलं, की कधीकधी असं होतं. सगळ्यांना होत नाही. तुम्हाला झालं."

"यावर औषध?"

"आज तरी माझ्याकडे नाही. भस्मं, गुट्या घेत फिरू नका. दुसरं लग्न तर मुळीच करू नका, तिचाही जन्म फुकट जाईल. हवं तर दत्तक घ्या. आणि बायकोला सांगा."

त्यांनी सांगितलेल्यांपैकी जे माझ्या सोयीचं होतं ते मी केलं.

त्या संध्याकाळी सासुरवाडीला जेवण होतं. बायकोचा थोरला भाऊ, माझ्याहून वयाने थोडा लहानच, पण नात्याने मी त्याला दादा म्हणत असे. त्याने माझ्यासाठी पातोडीचा रस्सा करायला लावला होता. जेवता जेवता त्याने हात थांबवला.

"जवाईबुवा, एक मांगू का?"

"मांगा ना, दादा."

"तुमी दुसरी करा. आमाले काई म्हनाचं नाई, तुमचा वंश हाय. पन बहिनीले टाकू नका. कोपऱ्यात पडून राहीन ते."

मी म्हणालो, "मी दुसरी करत नाई, दादा."

तो जेवण टाकून उठला आणि हात न धुताच माझे पाय धरले. रश्शाची बोटं माझ्या धोतराला लागली. त्याच्या बायकोने दाराआडून डोळ्यांना पदर लावला. माझं मोठेपण सुरू झालं ते तिथून. मी एकही खोटा शब्द बोललो नव्हतो.

घरी आल्यावर तिला सांगायचं असं मोटारीत ठरवून आलो होतो. घरी आलो तर ती माझ्या आधी बोलली. बागेत तोड चालू होती. ती टोपल्यांजवळ बसून डाग पडलेली फळं वेगळी करत होती.

"आयकलं का? माह्यी एक मावसबहीन हाय, बारशीटाकळीची. गोरी हाय, तोंडाची गोड हाय. मी इचारून ठेवलं. तुमी तिच्याशी लगन करा. तिचे लेकरं मी पाहीन."

"मले दुसरी नाई पाह्यजे."

"असं काहून म्हनता? मी मनापासून सांगून राहिली."

"मले तू पुरे हायेस."

तेही खरंच होतं. मला ती पुरी होती. पण ते वाक्य ज्या वेळी आणि ज्या गोष्टीच्या जागी मी बोललो, तिथे ते खोटं होतं. ती उठली आणि गड्यांसमोर, भर बागेत, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नंतर ती पूर्वीसारखी हसली नाही. म्हणजे हसायची, पण माझ्यावर हसायची नाही. मला टोमणा मारणं तिने सोडलं. माझ्याआधी जेवणं सोडलं. मी पाणी मागायच्या आधी तांब्या समोर येई. मला बायको होती, तिच्या जागी उपकाराखाली वाकलेलं एक माणूस आलं. एका खोलीत दोघं राहून मी तेव्हापासून एकटा आहे. ती तर त्याहून एकटी, कारण तिला वाटायचं की तिच्यामुळे मी एकटा आहे.

लग्नांत मला मांडवात पुढे बसवू लागले. नवरा-नवरीला पायांवर घालू लागले. त्याच लग्नांत माझ्या बायकोला हळदीला हात लावू देत नसत. कोणी स्पष्ट म्हणत नसे. "काकू, तुमी आत तांदूय निवडता का?" एवढं म्हटलं की ती उठे.

बाहेरच्यांचं मी सोसू शकलो. अकोल्याचं सांगतो. त्या भावाच्या बायकोची दोन मुलं उपजताच गेली होती. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला, डोहाळजेवण ठरलं. आम्ही गेलो. बायकोने भावजयीसाठी हिरवं लुगडं नेलं होतं. दोन मुलं गेलेली बाई घाबरलेली असते. ती नणंदेला म्हणाली, "बाई, राग मानू नका. ओटी होये परेंत मांगच्या खोलीत बसा. लुगडं मी मंग घेतो तुमच्या हातून." बायको मागच्या खोलीत कांद्याच्या ढिगाजवळ बसली. पुढे बायका गाणी म्हणत होत्या. मी भावाबरोबर ओट्यावर होतो, मला सगळं दिसत होतं. मी उठून "तिच्यात काही दोष नाही" एवढं म्हणू शकलो असतो.

परतताना मूर्तिजापूरला तिने विषय काढला. म्हणाली, "वैनीचं काई चुकलं नाई. मी तिच्या जागी असती तं मीही तसंच केलं असतं." ती मुलगी जगली. लुगडं भावजयीने नंतर घेतलं की नाही, मला माहीत नाही.

मध्यप्रांत हे नाव कागदांवरून जायच्या सुमाराला हिवतापाची मोठी साथ आली, त्यात ती गेली. शुद्धीवर होती तोवर माझा हात धरून म्हणत होती, "तुमी मले टाकलं नाई. हे मी कसं फेडू?" माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "बोलू नको, थकशील." नंतर मी स्वतःला समजावत राहिलो की मरणाऱ्या बाईला आणखी दुःख कशाला. खरं म्हणजे मला तिच्या डोळ्यांतला माझा चेहरा शेवटपर्यंत तसाच हवा होता.

मग पुष्कळ वर्षं गेली. आईबाप गेले. बाग मी बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दिली. वर्षातून एकदा पातोडी खायला अकोल्याला जायचं, तेवढं एकच घर मला उरलं.

गेल्या थंडीत गेलो तर त्या घरात सुतक असल्यासारखं होतं. बायकोच्या भावाची नात, अमरावतीला दिलेली, लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नाही म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून सोडली होती. शिकलेली मुलगी, शाळेत शिकवणारी. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, नळ्यांचीसुद्धा, आणि सगळं नीट निघालं होतं. नवऱ्याला तपासायचं म्हटलं की सासू उठून जात होती. हे मला ती स्वतःच सांगत होती. तेवढ्यात तिची आजी, म्हणजे माझ्या बायकोची ती भावजय, आतून म्हणाली:

"तपासून काय होते? रक्तातच हाय ते. पोरगी आतेआजीवर गेली. आमच्या नशिबात जवाईही तुमच्यासारखा निंगाला नाई, नाई तं टाकली नसती."

मुलगी खाली पाहू लागली. मी तिला पाहिलं आणि मला माझ्या बायकोचा मांडीवर ठेवलेला तो रिकामा हात दिसला असं लिहिलं तर ते सजवून लिहिणं होईल. मला तेव्हा फक्त भीती वाटली. मी गप्प बसलो तर ही दुसरी.

मी म्हणालो, "ते आतेआजीवर गेली असीन तं तिच्यात काईच दोष नाई. दोष माह्यात होता."

भावाला ऐकायला कमी येतं म्हणून तो पुढे सरकला. मी पुन्हा सांगितलं. गालफुगी, अमरावतीची डॉक्टरीण, कापूस बाजारापलीकडचे डॉक्टर, काच. त्याने करायला लावलेल्या पातोडीच्या दिवसापर्यंत सगळं.

भाऊ म्हणाला, "म्हंजे मी तुमचे पाय धरले तवा तुमाले मालूम होतं."

"हो."

"तिले?"

"नाई. तिले नाई सांगतलं."

भावजय दारात येऊन उभी होती. "अन् मी तिले कांद्यापाशी बसवलं," ती म्हणाली. "तुमी ओट्यावर बसून पाह्यत होते." मग तिचा आवाज चढला. "आता मले कायले सांगतलं? ते गेली. आता मी कोनाची माफी मांगू?"

 

भाऊ काठी घेऊन उठला. "चाला," म्हणाला. "अमरावतीले चाला. हे तितं सांगा, पोरीच्या सासरी. माह्यासमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी भाऊ, नात आणि मी, आम्ही तिघं एस. टी.ने गेलो.  नातीच्या सासरच्या बैठकीत, तिच्या सासू-सासऱ्यांसमोर, ज्यांना मी पहिल्यांदा पाहत होतो त्यांच्यासमोर, मी माझ्या अंगाची गोष्ट सांगितली. सासू मध्येच उठून आत गेली. सासरा म्हणाला, "आबा, या वयात हे काय बोलता?" नातीचा नवरा कोपऱ्यात उभा होता. त्याने एकच विचारलं.

"आजोबा, कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हणालो, "वाटलं, आता मी पुरुष नाई. ते खोटं होतं, पण तसंच वाटलं. बायकोले सांगतलं असतं तं ते हसली असती आधी. मंग माह्याजवळ बसली असती. मले तेवढं समजलं नाई."

 त्याच आठवड्यात तो अकोल्याला नातीकडे गेला आणि दोघं मिळून डॉक्टरकडे गेले. काय निघालं ते मी विचारलं नाही. ते त्यांचं आहे. मुलगी पुन्हा नवऱ्याजवळ राहते, एवढं कळलं आहे.

अमरावतीच्या स्टँडवर भावाने मला वरूडच्या गाडीत बसवलं. खिडकीशी येऊन म्हणाला, "आता अकोल्याले येत जाऊ नका." जवाईबुवा म्हणाला नाही.

मी गेलो नाही. मध्ये एकदा नात आणि तिचा नवरा बागेकडे येऊन गेले. मी चहा केला. तिने सांगितलं, की आजी आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला बसवून सांगते, माह्या नणंदेत काई नव्हतं, तिले उगाच बोल लावला. कोणी ऐको न ऐको, सांगते.

"अन् माह्यं नाव निंगालं तं?" मी विचारलं.

 नात म्हणाली, "तुमचं नाव निघालं की आजी उठून आत जाते."

ते बरोबरच आहे. मी त्यांना बागेच्या फाटकापर्यंत पोचवलं.